दफेदार खंडोजीरावांची मोजणी

ज्या माणसानं मला नियमानं भांडायला शिकवलं त्याला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आणि ज्या गोष्टीसाठी मी भांडलो ती गोष्ट होऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. असा गुरू मिळायला नशीब लागतं. असा शिष्य मिळाला हे त्याचं नशीब, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

खंडोजीराव आमच्या म्हैसूरच्या कॉलेजात दफेदार होते, म्हणजे सगळ्या शिपायांवरचे मुख्य. अंगात पांढरा लांब कोट, छातीवर आडवा लाल पट्टा, पट्ट्यावर चिंचेनं घासलेला पितळी बिल्ला आणि डोक्यावर जरीकाठी पेटा. असा पेटा राजवाड्यातल्या बड्या कामदारांनासुद्धा बांधता येत नसे. त्यांचे खापरपणजे कुठल्याशा स्वारीबरोबर देशावरून घोड्यावर बसून इकडे आले. परत का गेले नाहीत म्हणून विचारलं तर म्हणत, "घोडा मेला की इथं. पायी कोण जातंय तेवढ्या लांब!" आमचंही घराणं त्यातलंच, फक्त आमच्या पूर्वजाला घोडासुद्धा नव्हता असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांना मोजायचा नाद होता. फाटकातून आत येणारी डोकी मोजायची, लग्नात पंगत मोजायची, दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्ती मोजायचे. एकदा आमच्या घरी सत्यनारायणाला आले आणि तीर्थ घेता घेता आईला म्हणाले, "वैनी, एकेचाळीस पानं वाढा, तुम्ही अडतीस मांडलीत." आईनं मोजलं. तीन माणसं परसात होती.

हा नाद त्यांना लागला तो दसऱ्यातच. त्या दिवसांत संस्थानातल्या तालुक्यातालुक्यांतून प्रतिनिधी यायचे आणि दिवाणांपुढे गाऱ्हाणी मांडायचे. त्या सभेच्या दाराशी उभं राहायला भारदस्त माणसं लागत, म्हणून कॉलेजातून खंडोजीरावांना दर वर्षी उसनं नेत. वीस वर्षं ते दारात उभे राहिले. कोण आधी उठतं, कोण दुजोरा देतं, घंटी कधी वाजते, मतं कशी मोजतात, हे त्यांना इतकं पाठ झालं होतं की आमच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना अडलं तर ते पाणी मागवायच्या निमित्तानं खंडोजीरावांना आत बोलवत.

आता पेट्याचं सांगतो. कॉलेजात वर्गात आणि सभागृहात बोडक्या डोक्यानं बसायचं नाही, पेटा हवाच, असा नियम होता. टोपी चालत नसे. मला पेटा बांधता येत नव्हता. पहिल्याच दिवशी मी घरून बांधून निघालो, देवराज मोहल्ल्याच्या बाजारातून सायकल हाणत आलो आणि फाटकाशी पोचेपर्यंत पेट्याचं एक टोक माझ्या डोक्यावर होतं व उरलेले सात-आठ हात मागच्या चाकात. खंडोजीरावांनी मला थांबवलं, चाक उलटं फिरवून पेटा सोडवला, झटकला, आणि माझ्या डोक्याला बांधून दिला. बांधून झाल्यावर दोन पावलं मागे सरून बघितलं.

"हं. आता माणसासारखा दिसतोस. सुम्ने, उगाच मान हलवू नको."

त्या दिवसापासून मी रोज त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहू लागलो. एकटा नव्हे. सकाळी फाटकाशी आम्हा दहा-बारा नालायकांची रांग असे. खंडोजीराव एकेकाचं डोकं हातात घेत, फिरवत, गुंडाळत आणि प्रत्येकाला काहीतरी सुनावत. त्यांचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासावर चाले. उघड्या डोक्याचा माणूस दिसला की ते विचारत, "कोण गेलं रे घरात?"

आमच्या वर्गात बन्नूरचा एक मुलगा होता, नंजुंड. अबोल, हुशार. आम्हा सगळ्यांना वाटे की तो फार विसराळू आहे. सकाळच्या तासाला जे शिकवलं ते दुपारी विचारलं तर त्याला काहीच आठवत नसे, आणि दुपारचं दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्याला तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. तो हसला. पुढे कळलं की सकाळी येतो तो नंजुंड आणि दुपारी येतो तो त्याचा चुलत भाऊ पुट्टस्वामी. चेहरे मिळतेजुळते, हजेरी नावानं नव्हे तर नंबरानं, आणि दोघांत मिळून पेटा एक. एक जण खोलीवर भात शिजवायचा तोवर दुसरा पेटा घालून वर्गात. सहा महिने मी दोन माणसांशी एकच मैत्री करत होतो.

"माझा जुना पेटा घे की," मी म्हटलं.

"दुसऱ्याचा पेटा डोक्यावर घेत नाहीत," नंजुंड म्हणाला. "भावाचा चालतो."

खरा घोटाळा हजेरीचा होता. वर्षातल्या दहा आण्यांइतक्या तासांना हजर असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. दोघांची हजेरी निम्मी-निम्मी भरत होती. नव्या वर्षाच्या सुरुवातीला हिशेब काढला, तर आता उरलेल्या प्रत्येक तासाला दोघंही बसले तरच दोघंही परीक्षेला बसणार. एकाच पेट्यात ते शक्य नव्हतं. "एकानं बसावं," पुट्टस्वामी म्हणाला, "मी गावाला जातो. उसाचं काम आहेच." नंजुंडही तेच म्हणाला. दोघंही एकमेकांसाठी गावाला जायला निघाले होते.

मी पेटून उठलो. आणि पेटून उठल्यावर मी जे करतो तेच केलं: घाई. पेट्याचा नियम रद्द करा असा चार पानी खरमरीत निनावी अर्ज इंग्रजीत लिहून प्रिन्सिपॉलसाहेबांच्या टपालपेटीत टाकला. अर्ध्या तासात खंडोजीराव मला व्हरांड्यात गाठायला आले. हातात माझा अर्ज; टपालपेटीची किल्ली त्यांच्याकडेच असे.

"हे तुझं?"

"छे! कोण म्हणतं? निनावी आहे ते."

त्यांनी शेवटचं पान माझ्या नाकासमोर धरलं. सवयीनं मी खाली 'आपला आज्ञाधारक सेवक' असं लिहून झोकात सही ठोकली होती.

"मला वाचता येत नाही, खरं. पण उशिराच्या वहीत ही सही रोज बघतोय मी," खंडोजीराव म्हणाले. "काय लिहिलंयस?"

मी सांगितलं. पेटा नको, हे शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न मोडलं होतं. त्यांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, "चुकीचं आहे. पण मागायचंच असेल तर नीट माग. लपून काय मागतोस?"

"नीट म्हणजे?"

"नियम आहे की. मी स्वतः खिळे मारून फळ्यावर लावलाय, दोन वर्षं झाली. तुम्हांपैकी एकानं वाचला असेल तर शप्पथ."

खरंच होता. विद्यार्थ्यांच्या सभेनं कॉलेजच्या रीतीत बदल सुचवावा, सूचक एक, दुजोरा देणारा एक, सात दिवस आधी सूचना, हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला तर प्रिन्सिपॉल त्यावर विचार करतील. पडलेला ठराव त्या वर्षात पुन्हा आणता येणार नाही. कागद पिवळा पडला होता आणि त्यावर कुणीतरी हॉकी संघाची यादी लिहिली होती.

"एकट्याचं असतं ते गाऱ्हाणं," खंडोजीराव म्हणाले. "दुसरा उभा राहिला की ठराव. दुसरा शोध आधी."

दुसरा होता नंजुंड. म्हणजे ज्या दिवशी सही करायची होती त्या दिवशी पेटा त्याच्याकडे होता.

मग आमची तालीम सुरू झाली. कॉलेजच्या मागच्या मैदानात चिंचेखाली खंडोजीराव विरोधी पक्ष व्हायचे आणि मी बोलायचो. मी "मित्रहो" म्हणायच्या आत ते हरकत घ्यायचे.

"अध्यक्षांकडे बघ. मित्रांकडे काय बघतोस, मित्र नंतर."

"अध्यक्षमहाराज, पेटा हे गुलामगिरीचं—"

"अय्यो! बस खाली. माझ्या डोक्यावर गुलामगिरी दिसते काय रे तुला? असं बोललास तर मीसुद्धा विरोधात जाईन, आणि मला मतसुद्धा नाही. त्या पोरांच्या हजेरीचं बोल. स्वल्पच बोल."

त्यांनी मला चार ओळींवर आणून सोडलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण. आणि एकमेव यशस्वी, म्हणणार होतो, पण थांबा.

मतदानाची रीत खंडोजीरावांनीच सुचवली. चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखू येतं. प्रत्येकाला एक अवऱ्याचा दाणा आणि एक चिंचोका द्यायचा. आपल्याकडच्या वालासारखा हा अवरा. थंडीच्या दिवसांत सगळं म्हैसूर त्यावरच जगतं. बदल हवा असेल तर अवरा पेटीत टाकायचा, नको असेल तर चिंचोका. उरलेला दाणा बाजूच्या मडक्यात. पेटीला नि मडक्याला कापड, हात आत घालायचा, कुणाला काही दिसत नाही. चिंचोके ते आणणार, अवरा मी.

मी घरी आत्याला सांगितलं, "उद्या सभा आहे, शेरभर अवरा लागेल."

सकाळी आत्यानं डबा हातात दिला. जड आणि गरम. वाटेत उघडला तर आत तळलेला अवरा! मीठ, तिखट, कढीलिंब, वर थोडा हिंग. सभा म्हणजे माणसं येणार, माणसांपुढे कच्चे दाणे कसे ठेवायचे, असा तिनं विचार केला होता. आमच्या घरात पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत. परत जायला वेळ होता. पण मी एक मूठ खाऊन पाहिला, फारच सुरेख झाला होता, आणि मनाशी म्हटलं, दाणा तो दाणा. तळला म्हणून मत बदलतं का?

बदलतं.

रांग लांबलचक होती, दुपारची वेळ, सकाळपासून कुणी जेवलेलं नाही. दाणा हातात पडला, वास नाकात गेला. मी चार ओळींचं भाषण उत्तम केलं. नंजुंडानं दुजोरा दिला, टाळ्या झाल्या. पुट्टस्वामी बाहेर पायऱ्यांवर बसून ऐकत होता, कारण सभागृहात बोडकं डोकं चालत नव्हतं. मतदान झालं. अध्यक्ष होते इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी पेटी उघडली आणि खंडोजीरावांनी मोठ्यानं मोजलं. हजेरीच्या वहीत सह्या एकशे एकेचाळीस. मंजुरीला हवेत चौऱ्याण्णव. पेटीत अवरे ऐंशी. चिंचोके एकतीस.

"ठराव नामंजूर," प्राध्यापक म्हणाले.

नंजुंड खाली बघत होता. बाहेर पायऱ्यांवरचा पुट्टस्वामी उठून उभा राहिला आणि धोतर झटकू लागला, बन्नूरच्या वाटेला लागल्यासारखा. पेट्याच्या बाजूची मंडळी ओरडायला लागली. खंडोजीरावांनी पेटीवर हात ठेवला. त्यांच्या मनासारखं झालं होतं. आता फक्त पेटी उचलायची आणि सकाळी फाटकाशी पुन्हा दहा-बारा डोकी.

त्यांनी पेटी उचलली नाही.

"स्वामी," ते कानडीत प्राध्यापकांना म्हणाले, "ऐंशी नि एकतीस, एकशे अकरा झाले. डोकी एकशे एकेचाळीस. तीस मतं कुठं गेली?"

"टाकली नसतील."

"मग मडक्यात बघू." त्यांनी मडकं टेबलावर ओतलं. चिंचोके मोजले. बरोबर एकशे दहा. "एकशे दहा जणांनी 'नको' म्हटलेलं नाही. पण 'हवं' म्हणणारे ऐंशीच. आणि ज्यांनी 'नको' म्हटलं त्यांचे एकतीस अवरे या मडक्यात पाहिजेत. एकच आहे." त्यांनी तो उचलला, वास घेतला, आणि सभागृहभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. "गोपाळराव. हे तळलंय कुणी?"

"आत्यानं," मी म्हणालो.

सभागृहाला काय झालं ते एका क्षणात कळलं. मागच्या बाकावरून कबुल्या यायला लागल्या. "मी खाल्ला!" "मीसुद्धा! मग उरला चिंचोका. तो टाकला असता तर उलटंच झालं असतं, म्हणून मूठ रिकामी घातली." एकानं तर उभं राहून अजून आहेत का म्हणून विचारलं. प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसत हसत होते. हसून झाल्यावर म्हणाले, "मूर्खपणाला उपाय नाही. न टाकलेलं मत म्हणजे विरोधच."

"नाही स्वामी," खंडोजीराव म्हणाले. "वीस वर्षं त्या दारात उभा आहे मी. माणसं हरतात, मुकाट घरी जातात. का? मोजणी खरी असते म्हणून. मोजणीत खोट आली तर जिंकलेल्यालासुद्धा झोप लागत नाही. मला पेटा हवाय. पण असा नको."

प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बरं. कसं घ्यायचं पुन्हा?"

"उभं राहून. हवं ते चिंचेखाली, नको ते पायरीवर. मागच्या मैदानात."

"मैदानात का? इथं नाही?"

"इथं जागा कमी आहे," खंडोजीराव म्हणाले. आणि अगदी सहज, बिल्ला पुसत, पुढे म्हणाले, "आणि नियम वर्गात नि सभागृहात आहे. मैदानात नाही."

मला ते तेव्हा समजलं नाही. नंजुंडाला समजलं. तो धावत पायऱ्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मैदानात. गुप्त मतात शूर असलेले कित्येक जण उघड्यावर पायरीच्या बाजूला सरकले, कारण व्हरांड्यात प्राध्यापक उभे होते आणि त्यांतल्या काहींचे पेटे फारच रुबाबदार होते. चिंचेखालची गर्दी माझ्या डोळ्यांदेखत विरळ होत गेली. मी दोघांना बाहीला धरून ओढलं. "हात काढ," खंडोजीराव ओरडले. "ज्याचे पाय त्याला. ढकलायचं नाही."

मग मैदानाच्या त्या टोकाकडून ते दोघं आले. बरोबरीनं. एक पेट्यात, एक उघड्या डोक्यानं. सहा महिन्यांत कुणी त्यांना एकत्र पाहिलेलं नव्हतं, माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, "अरे, नंजुंडाला भाऊ आहे?" दोघं चिंचेखाली येऊन उभे राहिले. खंडोजीरावांनी पुट्टस्वामीच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर तो नेहमीचा प्रश्न आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला आणि मोजायला सुरुवात केली.

आधी पायरी. "सेहेचाळीस."

मग चिंच. प्रत्येकाच्या डोक्याकडे बोट, एकही डोकं दोनदा नाही. नव्वद झाले. "एक्क्याण्णव," नंजुंड. "ब्याण्णव," पुट्टस्वामी. बोट पुढे गेलं. पुढे चिंचेचं खोड होतं.

एकशे अडतीस हजर. दोन-तृतीयांश म्हणजे ब्याण्णव.

"ठराव मंजूर," खंडोजीरावच म्हणून गेले. मग जीभ चावून प्राध्यापकांकडे वळले. "माफी स्वामी. तुम्ही म्हणा."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी तीन दिवसांत सही केली. सोमवारी नंजुंड आणि पुट्टस्वामी एकाच बाकावर बसले. कुणी "नंजुंड" म्हणून हाक मारली की दोघांनीही वळून बघायची सवय मोडायला आठवडा गेला. मार्चमध्ये दोघंही परीक्षेला बसले, दोघंही पास झाले. माझ्यापेक्षा वर, हे सांगायची गरज नव्हती, पण सांगतो.

फाटकाशी रांग उरली नाही. मी मात्र रोज पेटा हातात घेऊन खंडोजीरावांपुढे उभा राहत होतो. "तुझाच तर ठराव!" ते म्हणत. "ठराव सक्तीविरुद्ध आहे, पेट्याविरुद्ध नाही," मी म्हणे. "लई शहाणा," म्हणत ते माझं डोकं हातात घेत. हळूहळू आणखी दोघे-तिघे यायला लागले. त्यांत पुट्टस्वामीही होता, दोघांचा तो पेटा घेऊन. त्यानं पहिल्या पगारातून स्वतःचा पेटा घेतला तेव्हा तो बांधून घ्यायला आधी त्यांच्याकडेच आला होता, म्हणे. मी तेव्हा गावात नव्हतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुष्कळ वर्षांनी. मी वकिलीची पाटी लावली होती. पाटी उत्तम होती. देवराज मोहल्ल्यामागच्या त्यांच्या गल्लीतून सहज जात होतो, तर गल्लीत रिकाम्या घागरींच्या दोन रांगा आणि मधे खंडोजीराव, म्हातारे पण ताठ. नगरपालिका गल्लीला एक नळ देणार होती. तो त्यांच्या दारासमोर बसवायचा की मारुतीच्या कोपऱ्यावर, यावर मतदान चाललं होतं. पाणी बायका भरतात म्हणून मत फक्त बायकांना. जिला जिथं नळ हवा तिनं तिथं आपली घागर ठेवायची. गल्लीतले पुरुष ओट्यावर बसून कुरकुरत होते.

मी पुढे होऊन म्हटलं, "मामा, तुमच्या दारासमोरच बरा. या वयात—"

"तुझी घागर कुठं आहे?"

"नाही आणली."

"मग मत नाही. बाजूला हो, मोजणी चाललीय."

दोन्ही रांगा सारख्या होत्या, सोळा-सोळा. इतक्यात त्यांच्या घरातून गंगाबाई बाहेर आल्या, त्यांच्या पत्नी. काखेत पितळी घागर. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग गल्लीकडे. "दारासमोर नळ म्हणजे दिवसभर भांडणं माझ्या कानाशी," असं म्हणून त्या सरळ कोपऱ्याकडे चालत गेल्या आणि तिथल्या रांगेच्या शेवटी घागर ठणकन ठेवून परत घरात गेल्या.

खंडोजीराव त्या घागरीपर्यंत चालत गेले, तिच्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "सतरा! कोपरा मंजूर. आपापल्या घागरी उचला."

बायका हसत घागरी उचलू लागल्या. नळ यायला अजून अवकाश होता, पाणी विहिरीचंच होतं. खंडोजीरावांनी गंगाबाईंची घागर खांद्यावर घेतली आणि त्यांच्यामागून विहिरीकडे निघाले. ओट्यावरचा एक जण म्हणाला, "अहो दफेदार, घरच्याच मतानं पडलात की!"

"एका मतानं," ते मागे न बघता म्हणाले, "नीट मोजून."